उत्तर ऐकू आलं नाही

मी लघुलेखिका. बाल्टिमोर, तिसरा मजला, खोली सात.
लोक बोलतात ते टिपते. मत मला नसतं.
शपथेसाठी तिने हात वर केला
तेव्हा नखांच्या कडेला निळा रंग दिसला.
तो मी लिहिला नाही.
नखांची नोंद घ्यायची पद्धत नाही.

नाव? टॅमझिन ब्लेडसो. काम? भिंती रंगवते.
बुटांच्या कंपनीने तिच्या भिंतीपुढे
एक मुलगी पळवली, फोटो काढला,
शहरभर बसथांब्यांवर लावला.
मुलीच्या मागे घोडा, घोड्यामागे कलिंगडांची गाडी,
आणि लगाम धरलेला म्हातारा, तीन मजले उंच.
टॅमझिनने दावा लावला.
इथवर सरळ होतं, बोटं आपसूक चालत होती.

मग कंपनीच्या वकिलाने पाकिटातून
एक काळापांढरा फोटो काढला
आणि हुकमाचा एक्का टाकावा तसा टेबलावर टाकला.
सन अठ्ठ्याहत्तर. छायाचित्रकार लायमन क्रूझ, हयात नाही.
त्याची मुलगी भिंतीलगतच्या खुर्चीत,
कोट अंगातच, पर्स मांडीवर.
तोच घोडा. तोच लगाम. मनगटाला तोच बाक.
चोरावर मोर, मी मनात म्हटलं.
मनातलं टिपायचं नसतं.

यात तुमचं काय?
रंग.
आणखी?
उंची. फोटोत तो अंगठ्याएवढा आहे.
म्हणजे मोठं केलं की आपलं होतं?
(साक्षीदार पाणी पिते.)
फोटोत त्याचे डोळे टोपीच्या सावलीत आहेत.
मी टोपी जरा मागे सरकवली.
का?
त्याने कुणाकडे तरी बघावं म्हणून.

मग उचित वापराच्या चार कसोट्या निघाल्या.
कशासाठी घेतलं, कशातून घेतलं, किती घेतलं,
घेतल्याने कुणाच्या गल्ल्यात किती खोट आली.
दोन तास त्या टोपीवर गेले.
सरकवली म्हणजे बदलली का,
बदलली तर कितीशी.
सोनाराच्या काट्यावर ठेवावी तशी
गुंजभर इकडे, गुंजभर तिकडे.

ती टोपी वीटकरी होती.
डावीकडे उसवलेली, पांढऱ्या दोऱ्याने टाचलेली.
टॅमझिनने हिरवी रंगवली.
चुकली. म्हणजे तेवढी तरी तिची स्वतःची.
आणि सगळे घोडा घोडा म्हणत होते,
ती घोडी होती, जूनबग,
उजव्या कानाला हात लावू द्यायची नाही.

शनिवारी यायचे मिस्टर एझेल पिंकनी आमच्या गल्लीत.
अशी हाळी काढायचे की कलिंगड हा शब्द
त्यात पार विरघळून जायचा,
नुसता लाल, लांब सूर उरायचा.
आईकडे सुटे नसले की म्हणायचे, असू दे, पुढच्या शनिवारी.
हाळी त्यांच्या वडिलांची होती.
वडिलांनी ती कुणाची उचलली, देव जाणे.
आणि मी, नऊ वर्षांची,
मधल्या सुट्टीत ती हाळी विकायचे,
एका नाण्याला एकदा.
त्यांना विचारलं नव्हतं.
क्रूझने विचारलं नसावं. बुटवाल्यांचा प्रश्नच नाही.

पाचला दहा कमी असताना वकील म्हणाला,
शेवटचं. चित्रातल्या या माणसाचं नाव काय?

टॅमझिन फोटोकडे बघत राहिली.
क्रूझची मुलगी पर्सच्या कडीकडे.
वकील घड्याळाकडे.
माझ्या यंत्रावर अशा वेळेसाठी एक ठरलेली खूण आहे,
एका दाबात पूर्ण वाक्य उमटतं.
उत्तर ऐकू आलं नाही.
ती खूण दाबायला मला
जरा वेळ लागला. तेही नोंदीत नाही.

ऑक्टोबरात तडजोड झाली. रक्कम गुप्त.
घरमालकाने, नको पुन्हा झंझट, म्हणून
भिंतीवर सायीच्या रंगाचे दोन हात मारले.
उन्हं कलली की हिरवं अजून थोडं वर येतं.

एकशे बारा पानं झाली त्या दिवशीची.
प्रत मागवली की पानामागे पैसे मिळतात.
तिन्ही पक्षांनी मागवली.
शब्द त्यांचे,
पैसे मी घेतले.